स्विचच्या घड्याळात सोमवार, १ मार्च १९९३

तांब्याच्या साध्या लॅन केबलमधून सेकंदाला एक गिगाबिट माहिती नेण्याचं मानक १९९९ साली मंजूर झालं. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या वायरीवर करकरणारा मोडेम होता आणि तो चालू असला की नातेवाईकांचे फोन लागायचे नाहीत. पुढे मोडेम गेला, फोनचं डबडं गेलं, दारात फायबर आलं. पण आज नव्याकोऱ्या राउटरच्या पाठीमागे पाहिलं तर बहुतेक पोर्टांपाशी, म्हणजे केबल खोचायच्या जागांपाशी, तेच लिहिलेलं असतं: गिगाबिट. संगणकाच्या दुनियेत पंचवीस वर्षं जागा न सोडलेल्या गोष्टी फार थोड्या. म्हणून कुणी म्हणालं की ‘जुना स्विच कशाला घेता, दीड-दोन हजारांत नवा येतो’, की मला आधी विचारावंसं वाटतं, जुना म्हणजे नेमका कुठे जुना?

आम्हाला स्विच, म्हणजे राउटरच्या एका केबलवर अनेक यंत्रं जोडू देणारा डबा, हवा होता याचं कारण भिंती. आमची डोंबिवलीची इमारत जुन्या बांधणीची, भिंती जाडजूड. फायबरचा डबा हॉलमध्ये टीव्हीच्या डोक्यावर आणि माझी कामाची खोली दोन भिंती ओलांडून मागे. वायफायची एखादी काडी तिथवर पोचते, मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठला की तीही जाते. केबल ओढायची हे ठरलंच होतं. मग हिशेब सुरू झाला. माझं टेबल, मागच्या खोलीतला दुसरा वायफायचा डबा, हॉलमधला टीव्ही, प्रिंटर, दारावरचा आणि बाल्कनीतला कॅमेरा, आणि जुना डेस्कटॉप. त्या डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क टाकून मी घरादाराचे फोटो ठेवते. हे झाले सात. बाबांच्या खोलीतला टीव्ही आज ना उद्या आठवा होणार. राउटरला पोर्ट चार. हा हिशेब आधी कागदावर झाला हे बरं, कारण सेकंडहँडच्या दुकानात आठ पोर्ट मागायला गेलेल्या माणसाला चोवीस पोर्ट फार स्वस्त वाटू लागतात.

स्विच करतो काय, हे घरी बाबांना सांगायची वेळ आली तेव्हा मी चाळीतला पोस्टमन वापरला. पूर्वी हब असायचे. हब म्हणजे चौकात उभं राहून मोठ्याने पत्र वाचून दाखवणारा पोस्टमन. ज्याचं असेल त्याने ऐकावं, बाकीच्यांनी कान बंद करावेत, आणि दोन पोस्टमन एकदम बोलले तर कुणालाच काही कळू नये. स्विच प्रत्येकाचं दार ओळखतो. कुठल्या पोर्टामागे कुठलं यंत्र आहे हे तो येणाऱ्या पाकिटांवरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून आपलं आपण शिकतो, आणि पुढच्या वेळी तेवढंच दार ठोठावतो. बाबा म्हणाले, “म्हणजे पहिल्यांदा तरी त्याला ओरडावंच लागणार.” बरोबर आहे. अनोळखी पत्त्याचं पाकीट आलं की स्विचही ते सगळ्या दारांवर टाकतो.

झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये इथरनेटचं, म्हणजे लॅन केबलवर यंत्रं ज्या पद्धतीने बोलतात तिचं, पहिलं टिपण लिहिलं तेव्हा कल्पना एकाच सामायिक तारेची होती. सगळे त्याच तारेवर बोलणार. त्यातून दारोदार जाणारा स्विच यायला सतरा-एक वर्षं लागली. पहिला बहुपोर्टी इथरनेट स्विच सात पोर्टांचा होता आणि तो कॅलिफोर्नियातल्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने १९९०च्या सुमारास आणला. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये सिस्को या नेटवर्कच्या बड्या कंपनीने ती विकत घेतली. सात पोर्ट! माझ्या कागदावरच्या हिशेबाला पुरले असते, बाबांचा टीव्ही सोडून.

तर लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणीही तसं म्हणत नाही. डोंबिवलीहून दादरला उतरून पश्चिमेची स्लो धरायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. रस्त्याकडेच्या दुकानांत नवा माल. जुन्यासाठी इमारतींच्या आत जावं लागतं. जिना, मधला पॅसेज, आणि मग एखाद्या गाळ्यात जमिनीपासून छतापर्यंत स्विचच्या चळती. हे सगळे ‘लॉट’मध्ये येतात. एखादं ऑफिस जागा सोडतं, एखाद्या कंपनीचं लीजवरचं सामान परत जातं, एखादीकडे ऑडिटर शेरा मारतो की या मॉडेलचा उत्पादकाकडचा सपोर्ट संपला, बदला. तो शेरा फार महत्त्वाचा. या चळतींमधला बराच माल बिघडून आलेला नसतो. तारीख उलटली म्हणून तो इथे आलेला असतो. वातानुकूलित खोलीत, यूपीएसच्या स्वच्छ विजेवर, कुणी हात न लावता सात-आठ वर्षं चाललेलं यंत्र कॅलेंडरने मारलेलं असतं. घरच्या माणसाचा फायदा इथेच आहे, आणि फसगतही इथेच सुरू होते.

पहिला सापळा नावात आहे. सिस्कोचे कॅटलिस्ट २९६० हे स्विच इथे ढिगाने मिळतात, कारण हजारो ऑफिसांत तेच होते. त्यातला ‘२९६०-२४टीटी’ घेतला तर चोवीस पोर्ट शंभर मेगाबिटचे, आणि कोपऱ्यातले दोनच गिगाबिटचे. ‘२९६०जी’ असेल तर सगळे गिगाबिट. एका ‘जी’चा दहापट फरक, आणि दिसायला दोघे सख्खे भाऊ. दुकानदार मात्र म्हणतो, “मॅडम, गिगाबिट है ना, ये देखो,” आणि त्या दोन पोर्टांवर बोट ठेवतो. खोटं तो बोलत नाही. छोट्या आठपोर्टींतही तीच गंमत: ‘२९६०सी-८टीसी’ शंभरचा, ‘२९६०सीजी-८टीसी’ गिगाबिटचा. त्यामुळे पाठीमागचं लेबल पूर्ण वाचायचं, अक्षरन् अक्षर, मोबाइलचा टॉर्च लावून. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाचा हा बाजार नाही.

त्याच लेबलवर वयही लिहिलेलं असतं. सिस्कोच्या अनुक्रमांकात आधी तीन अक्षरं, मग दोन आकडे वर्षाचे आणि दोन आठवड्याचे. वर्षाच्या आकड्यात १९९६ मिळवायचे. ‘एफओसी१६३५’ने सुरू होणारा म्हणजे २०१२ सालचा, पस्तिसाव्या आठवड्यातला. ऑगस्ट सरता सरता. त्या वर्षीचे गणपती यायला तीनेक आठवडे होते. दुकानदार ‘दो-तीन साल पुराना’ म्हणत असताना हा हिशेब मनात करायला मजा येते. तोंडावर सांगायची गरज नाही, भाव करताना आपोआप उपयोगी पडतो.

ठाण्याच्या माझ्या एका मित्राने असाच चोवीस पोर्टांचा, रॅकमध्ये बसणारा, कॅमेऱ्यांना वीज देऊ शकणारा दणकट स्विच आणला होता. भाव ऐकून मलाही हेवा वाटला. मग मी त्याच्या घरी गेले. रॅकमधला स्विच उंचीला साधारण साडेचार सेंटिमीटर असतो, म्हणजे आत मावणारे पंखे चिमुकले. मोठा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा ढकलतो तेवढी ढकलायला या चिमुकल्यांना मिनिटाला हजारो फेरे मारावे लागतात, आणि त्यातून जो आवाज निघतो तो बारीक, उंच आणि न थांबणारा असतो. सर्व्हर रूममध्ये माणूस बसत नाही, त्यामुळे बनवणाऱ्याला आवाजाची पर्वा नव्हती. मित्राच्या आईने तो स्विच शू-रॅकवरून माळ्यावर, माळ्यावरून ड्राय बाल्कनीत आणि शेवटी इमारतीच्या मीटर रूममध्ये हलवायला लावला. तिथून सोसायटीने परत पाठवला. त्याने पंखे बदलूनही पाहिले. शांत पंखे मिळतात, पण कित्येक स्विच पंख्याचा वेग मोजत असतात. हळू फिरणारा पंखा दिसला की त्यांना तो मेलेला वाटतो आणि पुढचा दिवा लाल होऊन बसतो. शिवाय काहींच्या पंख्याच्या तारांचा क्रमच वेगळा असतो.

आवाज निदान ऐकू तरी येतो. विजेचं तसं नाही. स्विच बंद करत नाहीत. तो वर्षाचे ८,७६० तास चालतो. म्हणजे एक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. चाळीस वॅटचा रॅकस्विच ३५० युनिट. युनिटला सगळं धरून दहा रुपये पकडले तर साडेतीन हजार, दर वर्षी, आणि बहुतेक पोर्टांत काहीही न खोचता. आठ पोर्टांचा नवा, बिनडोक्याचा, म्हणजे सेटिंग करायची सोय नसलेला, स्विच तीन-पाच वॅटांत भागवतो. बिनपंख्याचा, आठपोर्टी, पण आत व्यवस्थित डोकं असलेला जुना स्विच दहा-पंधरा वॅटांच्या घरात. तीन वर्षांचं वीजबिल मिळवल्याशिवाय जुन्या स्विचची किंमत मी किंमत मानत नाही. हा हिशेब केला की त्या चळतींपैकी तीन चतुर्थांश माल डोळ्यांसमोरून गळून पडतो. उरतात ते छोटे, बिनपंख्याचे. ऑफिसांत ते रिसेप्शनच्या टेबलाखाली, मीटिंग रूमच्या कपाटात, दुकानांच्या बिलिंग काउंटरमागे असायचे, म्हणजे मुळातच माणसांच्या शेजारी राहायला बनवलेले.

केबलमधूनच वीज नेण्याबद्दल, म्हणजे पीओईबद्दल, थोडं सांगते. २००३च्या मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टाला १५.४ वॅटपर्यंत वीज देतो, २००९च्या सुधारणेनंतर ३० पर्यंत. कॅमेऱ्यांसाठी हे सोयीचं. पण सगळ्या पोर्टांना मिळून किती वॅट देता येतील याचं एक बजेट असतं, आणि ते बजेट जितकं मोठं तितका आतला वीजपुरवठा मोठा, तितकी उष्णता, तितका पंखा. दोन कॅमेऱ्यांसाठी मी ती भानगड घेतली नाही. त्यांच्या तारेवर वेगळे इंजेक्टर, म्हणजे तारेत वीज सोडणारे छोटे डबे, लावले, काम झालं.

आता डोक्याचा प्रश्न. बिनडोक्याचा, बाजारच्या भाषेत अनमॅनेज्ड, स्विच लावला की चालू. काही विचारत नाही, काही सांगत नाही. बहुतेक घरांना तोच घ्या असं मी बिनदिक्कत सांगेन, आणि तोही नवा घ्या, वॉरंटीसकट. आपल्याकडे एके काळी सायबर कॅफेच्या टेबलाखाली हेच छोटे डबे लुकलुकत असायचे, आणि त्या धंद्याचा एक धागा गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जातो: डी-लिंक इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय तिथलंच, के. आर. नाईक यांची स्मार्टलिंकही तिथलीच. त्या डब्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही.

मला मॅनेज्ड, म्हणजे डोकं असलेला, हवा होता तो कॅमेऱ्यांमुळे. स्वस्तातला कॅमेरा दिवसभर कुठल्या तरी परदेशी सर्व्हरला हाका मारत असतो, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. स्विच मॅनेज्ड असला की त्याच्या एका पेटीत दोन वेगळी जाळी करता येतात; १९९८ पासून त्याचं मानक आहे, लोक व्हीलॅन म्हणतात. दोन कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये, बाकी घर दुसऱ्यात, आणि फोटो ठेवणाऱ्या डेस्कटॉपला दोन्हींकडे पाय. कॅमेऱ्याने चित्रं डेस्कटॉपला द्यायची, बाहेर जायला त्याला रस्ताच नाही. हे काम पंधरा वर्षांपूर्वीचा ऑफिसचा स्विच आजच्या कुठल्याही नव्या घरगुती स्विचइतकंच चोख करतो. तेव्हा वयाचा मुद्दा इथेही लटका पडला.

घेतला तो ‘सीजी’वाला आठपोर्टी. दुकानदाराने सात दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ दिली, वर “चलेगा मॅडम, सिस्को है” हे आश्वासन फुकट. घरी आणून फिकट निळी कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉपवरून स्विचशी थेट बोलायची तार, लावली, लॅपटॉपवर ९६०० वेग ठेवला, आणि स्विच चालू केला. अक्षरं एकेक करून उतरू लागली. आपण आता ज्या स्क्रीन वापरतो त्यांच्यावर मजकूर कधी ‘उतरत’ नाही, तो असतोच. इथे तो येताना दिसतो. दोन-तीन मिनिटं तपासण्या चालल्या, पोर्ट पास, मेमरी पास, आणि शेवटी पासवर्ड विचारला.

कुणाचा तरी. पुढचं ‘मोड’ बटण दाबून धरत वीज दिली की तो अर्धवट जागा होतो. तिथे सेटिंगच्या फाइलचं नाव बदलायचं आणि पुढे जाऊ द्यायचं. मग तो पासवर्ड विचारत नाही. कायदेशीर मालकासाठी हा रस्ता उत्पादकानेच ठेवला आहे. माणसाने इथे सरळ सगळं पुसून टाकावं. मी पुसण्याआधी वाचलं.

एक छोटं ऑफिस होतं. स्विचच्या नावात मजल्याचा आकडा. व्हीलॅन चार: अकाउंट्स, एचआर, गेस्ट, बायोमेट्रिक. एका पोर्टाला कुणी तरी नाव दिलेलं, ‘चेअरमन केबिन, हात लावू नये’, आणि त्या पोर्टाला खरोखरच बाकीच्यांना लावलेली एकही मर्यादा नव्हती. तीन पोर्ट बंद करून ठेवले होते. आधी माणसं बसत असतील, मग खुर्च्या रिकाम्या झाल्या असतील. की मुळापासूनच बंद? स्विच ते सांगत नाही. एका ओळीत प्रिंटरसाठी काही तरी जुगाड केलेला दिसत होता, नेटवर्कवाल्या कुणाच्या शनिवारच्या संध्याकाळचा. अकाउंट्सचा पगाराचा हिशेब याच पोर्टांतून गेला असणार, पण त्याचा मागमूस इथे राहत नाही. स्विच पाकिटं पुढे करतो, ठेवत नाही. तरी आतले पत्ते, पासवर्डचे ठसे, कोण कुठे जोडलेलं होतं याचा नकाशा, एवढं त्या ऑफिसने भंगारासोबत फुकट देऊन टाकलं होतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पण विकण्याआधी पाच मिनिटं बसून सेटिंग पुसणारा माणूस ऑफिसात असेलच असं नाही. त्यातही एक मेख आहे. ‘राइट इरेज’ या आज्ञेने सेटिंग जातं, पण व्हीलॅनची नावं ‘व्हीलॅन डॉट डॅट’ नावाच्या वेगळ्या फाइलीत राहतात. ती वेगळी काढावी लागते. मी काढली. चेअरमनांची केबिन गेली.

आणि हे सगळं वाचताना वर तारीख होती सोमवार, १ मार्च १९९३. या जातीच्या स्विचमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की तो काळ विसरतो, आणि कुणी वेळ सांगेपर्यंत तो दर वेळी त्याच सोमवारपासून सुरुवात करतो. मुंबईकराला मार्च १९९३ म्हटलं की निराळीच तारीख आठवते; यंत्राला त्याचं काही नाही. २०१२ साली जन्मलेला, पुढे ‘मृत’ ठरवलेला आणि अजून १९९३ मध्ये असलेला हा डबा माझ्या टेबलावर शांत बसला होता. त्याला घरच्या राउटरकडून वेळ घ्यायला शिकवलं, तसा तो एका उडीत आजवर आला.

वय त्याला खरं कुठे झालंय ते त्यानंतर कळतं. त्याच्याशी लांबून, एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून कुलूपबंद बोलायच्या पद्धतीने, बोलायला गेले तर लॅपटॉपनेच नकार दिला. त्याच्या बाजूने किल्ल्यांची देवाणघेवाण ज्या पद्धतीने होते तिच्यावर आता कुणी भरवसा ठेवत नाही. हे बोलणं करणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामने २०२१च्या ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ या जुन्या, कच्च्या ठरलेल्या पद्धतीवर चालणाऱ्या आरएसए सह्या मुळातच बंद ठेवल्यात. ब्राउझरमधलं त्याचं पानही असंच, सुरक्षित दरवाजाने उघडायला नव्या ब्राउझरची तयारी नाही. जुन्या पद्धतींना मुद्दाम परवानगी देऊन आत जाता येतं. पण मुद्दा असा की यात उद्या कुठली चूक सापडली तर ती दुरुस्त करून द्यायला कुणी बसलेलं नाही. तारीख उलटल्याचा खरा अर्थ हा, आणि ऑडिटर चुकलेला नव्हता. शे-दोनशे माणसांच्या ऑफिसात ते गंभीर आहे. घरात? मी त्याचं वेबपान बंद केलं, एसएसएच बंद केलं, आता त्याच्याशी बोलायचं तर निळी केबल घेऊन समोर बसावं लागतं. त्याचं व्यवस्थापन बाहेरून दिसत नाही, घरातूनही नाही. एवढ्यावर मला झोप येते. राउटर मात्र मी कधीही असा जुना घेणार नाही. तो उंबऱ्यावर उभा असतो.

नकली मालाबद्दलही बोलायला हवं, कारण ‘सिस्को है’ या आश्वासनाचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. जुलै २०२० मध्ये एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीने एका अहवालात बनावट कॅटलिस्ट २९६०-एक्स स्विच उघडून दाखवले. ते अगदी अस्सलासारखे चालत होते. एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर बंद पडले तेव्हा कुठे मालकाला कळलं. अस्सलपणाची तपासणी चुकवण्याची करामत आत केलेली होती. चोरून ऐकायची खिडकी तपासणाऱ्यांना सापडली नाही, हे त्यातल्या त्यात बरं. घरगुती गिऱ्हाइकाने काय करावं? पेटीवरच्या लेबलवरचा अनुक्रमांक आणि आतून स्विच सांगतो तो, दोन्ही जुळतात का पाहावं. जुळले नाहीत तर सात दिवसांच्या आत ग्रँट रोड गाठावं.

शरीराचं वय वेगळं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नावाचे छोटे डबे वीजपुरवठ्यात असतात; उष्णतेने ते आतून सुकतात, डोक्यावर फुगतात. शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांतले तर खराब रसायनामुळे जगभर फुगले. दुकानात पेटी उघडू देत नाहीत, पण जाळीतून टॉर्च मारता येतो, वास घेता येतो, आणि अर्धा तास चालू ठेवायला सांगता येतं. पोर्टांच्या आतल्या पिना पाहाव्यात. कोकणपट्टीतल्या ऑफिसांतून आलेल्या मालाच्या पिनांवर कधी हिरवट झाक असते, तसा नको. एखाद-दोन पोर्ट मेलेले असतील तर बहुधा मे-जूनच्या विजांनी मारलेले, आणि एक मेला म्हणजे शेजारच्यांनाही झळ बसलेली असू शकते. बाहेरून अ‍ॅडॉप्टर लागणारा स्विच असेल तर मूळ अ‍ॅडॉप्टर मागायचा. व्होल्ट जुळतात म्हणून दिलेला कुठलाही नाही.

लावल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की डोंबिवलीत वीज गेली आणि आली, आणि सगळं घर अडीच-तीन मिनिटं नेटवर्काशिवाय बसलं. बिनडोक्याचा स्विच डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उठतो. याला तपासण्या करायच्या असतात. शिवाय कुठल्याही पोर्टात काही खोचलं की तो तीस सेकंद थांबायचा: पंधरा ऐकायला, पंधरा शिकायला. जाळ्यात चुकून वर्तुळ झालं तर पाकिटं कायमची फिरत राहतील, म्हणून आधी खात्री करून घेण्याची ही सवय रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीत शोधलेल्या युक्तीतून आली आहे. घरच्या पोर्टांना ‘थांबू नकोस’ असं सांगता येतं, ‘पोर्टफास्ट’ म्हणतात. ते केलं, आणि स्विच इन्व्हर्टरवर घेतला.

दुसरी गोष्ट केबलची. मागच्या खोलीची तार शंभरवरच जोडली जात होती, गिगाबिटला येईना. असं झालं की लोक स्विचला दोष देतात. शंभरला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे उरलेल्या दोनांतली एक जोडी तुटली तरी शंभर बिनतक्रार चालू राहतं आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. ऑफिसच्या स्विचचं डोकं इथे कामी आलं. तारेतून एक ठोका पाठवून तो कुठून परततो हे मोजायची सोय त्याच्यात आहे. त्याने सांगितलं, तपकिरी जोडी, आणि अंतर सांगितलं ते नेमकं दाराच्या चौकटीपाशी येत होतं. तिथे पट्टी ठोकताना सुताराने खिळा मारला होता. नवी तार ओढली, या वेळी शुद्ध तांब्याची पाहून. बाजारात ‘कॅट ६’ लिहून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार सर्रास विकतात, वजनाला हलकी लागते. मग डेस्कटॉप ते लॅपटॉप वेग मोजला. ९४० मेगाबिटच्या आसपास, म्हणजे गिगाबिटवर सगळा सरंजाम वजा जाता जेवढं मिळू शकतं तेवढं पूर्ण.

आता मित्र म्हणतो, अडीच गिगाबिटचे स्विच स्वस्त होताहेत, तू पुन्हा मागे पडलीस. ते मानकही २०१६ चं आहे, तसं नवं नाही. माझ्या डेस्कटॉपमधल्या फिरत्या डिस्का सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइटच्या वर जात नाहीत, म्हणजे अडीच गिगाबिट भरायला त्या पुरत नाहीत, आणि फायबरचा प्लॅन त्याहून कितीतरी खाली आहे, तेव्हा सध्या मला घाई नाही. बाबांच्या टीव्हीची तार तेवढी आठव्या पोर्टात आली. त्यांना कुतूहल होतं, की एवढ्या खटाटोपानंतर टीव्हीला किती वेग मिळतो. शंभर. बहुतेक टीव्हींच्या पाठीमागचा पोर्ट अजूनही शंभरचाच असतो, आणि इंटरनेटवरून येणाऱ्या चार-के चित्रपटाला सहसा त्याचा पावभाग पुरतो.